मुंग्यांआडचं लग्न
देवापुढे दिवा लावायला काडी ओढली की त्या गंधकाच्या वासासरशी मी अजूनही सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन पोचते. कुडपणची माझी मैत्रीण आणि मी, दोघी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला, पाण्यात पाय सोडून बसलो होतो. वाफ इतकी दाट, की पलीकडचं झाड क्षणात दिसे आणि क्षणात विरघळून जाई. तिनं मोबाइल पुढे केला. "माझाच फोटो हाय. मी लिहिलेल्या प्रोग्रामनं कुलूपबंद केलाय. आता डीपीला ठेवते. घरच्यांच्या डोळ्यांसमोर राहील, नि कुणाला कळणार नाय." स्क्रीनवर बिघडलेल्या टीव्हीवर येतात तशा नुसत्या रंगीत मुंग्या होत्या. पण तिचा प्रोग्राम फोटोचे बारीक चौकोन करून प्रत्येक चौकोन एकाच किल्लीनं बदलत होता, त्यामुळे सारख्या रंगाचे चौकोन बदलूनही एकमेकांसारखेच राहिले होते. मी डोळे किलकिले केले, आणि वाफेतून झाड यावं तशा त्या मुंग्यांतून दोन आकृत्या वर आल्या, दोघांच्याही गळ्यात जाड हार. येत्या रविवारी तिला बघायला मुंबईहून पाहुणे यायचे होते. "नको ठेवूस गो," मी म्हटलं, "हार दिसतायत." तिनं फोन छातीशी धरला. मला वाटलं, आता रडेल. पण पाण्याकडे बघत तिनं हळूच विचारलं, "जोडा कसा दिसतो गो?" "शोभतो," मी म्हटलं. नवरदेवाचा चेहरा मी आजतागायत पाहिलेला नाही, पण त्या लग्नाची पाहुणी म्हणाल तर मी एकटीच.