मापाऱ्याचा अंदाज

विंचूरच्या रंगनाथ गांगुर्ड्यांना कोणी कशाचंही वजन विचारावं. लासलगावच्या मार्केट यार्डात मापारी म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं कांदा तोलला. डोळा असा तयार झाला होता, की ट्रॅक्टर फाटकातून आत येतानाच ते आकडा सांगायचे आणि काटा बहुतेक वेळा त्यांच्याच बाजूनं कौल द्यायचा. याचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवतही नसत. लग्नात नवरदेवाचं, रस्त्यात म्हशीचं, दुकानात पेंडीच्या पोत्याचं, कोणी विचारो न विचारो, वजन सांगून मोकळे.

निवृत्तीनंतर त्यांना दुसरा नाद लागला. मोटारसायकलवर बायकोला मागे बसवायचं, दोन्ही बाजूंना बॅगा लटकवायच्या आणि निघायचं. पहिल्या वर्षी सापुतारा, दुसऱ्या वर्षी थेट गोकर्ण. ललिताबाईंनी आधी नाक मुरडलं, मग त्यांनाच गोडी लागली. घाटात त्या मागून अखंड बोलत राहायच्या. पहाटे यार्डात जाणारा आणि धुळीनं माखून परतणारा माणूस घरात बोलणार तरी काय? तीस वर्षांत झालं नाही तेवढं बोलणं या दोन सहलींत झालं. रंगनाथांना खरं सुख प्रवासाचं नव्हतंच, या बोलण्याचं होतं.

म्हणून यंदा वेंगुर्ल्याचा बेत निघाला आणि ललिताबाई म्हणाल्या, "या खेपेला मी नाय येत. पाठ धरती," तेव्हा त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"शॉकअप गेलेत गं. सामान लादलं की गाडी मागं पार बसती. बदलून घेतो."

"घ्या बदलून. मग एकदा सिन्नरला ताईकडं जाऊन येऊ, सगळं सामान लादून. तवाबी पाठ दुखली तर मला परत म्हणायचं नाय. तुमचं तुम्ही एकटं हिंडा."

नाशकात द्वारका चौकाच्या अलीकडे मुस्तकीमचं गॅरेज आहे. मागच्या शॉकअपचं काम त्याच्यासारखं कोणी करत नाही आणि त्याच्याइतके प्रश्नही कोणी विचारत नाही. चालवणाऱ्याचं वजन किती, मागच्याचं किती, सामान किती; स्प्रिंग त्या हिशेबानं निवडायची.

"भाभींनाच घेऊन या ना, रंगनाथभाऊ. दोघांना बसवून मापतो."

"अरे, बत्तीस वर्षं हेच केलं मी! लिही. माझं चौऱ्याहत्तर, बॅगा अठरा, हिचं चौसष्ट."

मुस्तकीमनं मान हलवली, जाड तारेची स्प्रिंग घातली आणि रिंग फिरवून ती आवळून दिली. मापाऱ्याशी वजनावरून वाद घालायचा तरी कोणत्या तोंडानं?

आठवड्यानं दोघं सिन्नरला निघाले. गाडी आता बसत नव्हती हे खरं, पण प्रत्येक खड्डा थेट माकडहाडापर्यंत पोचत होता. अर्ध्या वाटेत ललिताबाईंचं बोलणं थांबलं. ताईच्या दारात त्या कंबर धरून उतरल्या.

"झालं तुमच्या मनासारखं? आता मला म्हणायचं नाय."

रंगनाथांना जेवणही धड गेलं नाही. निघताना ते म्हणाले, "एक डाव मुस्तकीमकडं चल. तिथून पुढं तू म्हणशील तसं." तीस किलोमीटर आणखी सोसायचे होते, पण नवऱ्याचं तोंड बघून ललिताबाई चढल्या.

मुस्तकीमनं रंगनाथांचा आरडाओरडा शांतपणे ऐकून घेतला. मग गाडी उभी करून चाकापासून सीटपर्यंतचं अंतर टेपनं मोजलं, दोघांना सामानासकट बसवलं आणि पुन्हा मोजलं.

"साडेतीन सेंटिमीटर खाली बसायला पाहिजे होती. दोनच बसली. स्प्रिंगला वाटतंय, मागं कोणी बसलंच नाही. आकडा चुकलाय, भाऊ."

"माझा?" रंगनाथ तडकले. "चल, दाखव काटा!"

शेजारीच भंगाराचं दुकान होतं. तिथल्या काट्यावर आधी बॅगा चढल्या. अठरा किलो दोनशे ग्रॅम. मग ते स्वतः चढले. चौऱ्याहत्तर. त्यांनी विजयी मुद्रेनं मुस्तकीमकडे पाहिलं. मग ललिताबाई चपला काढून, संकोचत चढल्या.

एकोणपन्नास.

रंगनाथांनी त्यांना उतरवलं, काटा शून्यावर आलाय का पाहिलं, पुन्हा चढवलं. एकोणपन्नासच. काटा मारतोय असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बॅगा बरोबर, आपण बरोबर आणि हीच तेवढी चूक, असं कुठला काटा दाखवतो? ट्रॉलीतला पन्नास किलो कमी माल त्यांनी फाटकातून ओळखला असता. घरातलं, रोज समोर जेवायला वाढणारं माणूस पंधरा किलोनं उतरलं आणि त्यांना पत्ता नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

"कधीपासनं गं?"

"दिवाळीपासनं. पोलकी दोनदा आत घेतली." ललिताबाई चपला घालत म्हणाल्या. "पाठ नुसती नाय, सगळं अंगच थकतंय. तहान तर इतकी लागती की रातचं चार-चारदा उठती. म्हटलं वय झालं."

"मला बोलली नाय?"

"तुम्हाला वजनातलं कळतं, म्हटलं. दिसलं असंल."

मुस्तकीम पाना हातात घेऊन दुसरीकडे बघू लागला. "भाभी, ही शुगरची लक्षणं आहेत. माझ्या अम्मीला अशीच होती. गोळ्या घेते, आता ठणठणीत आहे. पण आजच रक्त तपासून घ्या." मग रंगनाथांकडे वळून तो हळूच म्हणाला, "नरम स्प्रिंग तासाभरात बसवतो, भाऊ. वेंगुर्ल्याला कधी निघणार?"

"गाडी राहू दे तुझ्याकडं," रंगनाथ म्हणाले. त्यांनी बॅगाही तिथेच ठेवल्या आणि रिक्षाला हात केला.

रिक्षात ललिताबाईंनी विचारलं, "अन् डॉक्टर गाडीवर बसू नका म्हणाला तर?"

"तर एसटीनं जाऊ. तू खिडकीपाशी बस अन् बोल." रंगनाथांनी त्यांचा हात हातात घेतला. चारचौघांत असं काही त्यांनी आजवर केलं नव्हतं. मनगट हातात मावून बोटं एकमेकांवर आली, तशी त्यांनी मान खाली घातली आणि दवाखाना येईपर्यंत तो हात सोडला नाही.