निंबामास्तरांची वही

निंबा पाटलांच्या शर्टाच्या खिशात तीन वस्तू कायम असायच्या: पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या, छोटी कात्री आणि पेन. ते सुरतेच्या एका डाइंग मिलमध्ये कापडाचे रंग जुळवणारे कलर मास्तर होते आणि तिथल्याच गोडादरा वस्तीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. कुठलाही नवा रंग दिसला की त्यात पट्टी बुडवायची, वाळवायची आणि चिठ्ठीसकट वहीत डकवायची, ही त्यांची सवय. एकदा माझ्या घरी त्यांच्यासमोर चहा सांडला. मी फडकं आणेपर्यंत त्यांची पट्टी भिजलीसुद्धा. वर चिठ्ठी लिहिली: "चहा. चौधरीबाईंच्या घरी. मंगळवार." मी हसले तर आपल्या गावाकडच्या बोलीत म्हणाले, "नाव-गाव नही लिखं तर नमुना कसाना? चिंधी शे ती."

मी तेव्हा महापालिकेच्या मराठी शाळेत नुकतीच लागले होते. नोकरी अजून कायम व्हायची होती. अशात माझा बोटीवर काम करणारा भाऊ आला आणि जाताना एक डबा ठेवून गेला. विलायतेतल्या सुपरमार्केटमधली सगळ्यात स्वस्त काळी बिअर, स्टाउट म्हणतात म्हणे तिला. त्याला गंमत वाटली. माझी मात्र पाचावर धारण बसली. दारूबंदीच्या राज्यात, परवान्याशिवाय, शिक्षिकेच्या घरात दारू! फेकावी तर कचरा उचलणारी बघेल, मोरीत ओतावी तर वास जाईल. दोन महिने तो डबा तूरडाळीच्या डब्यामागे होता आणि दारावर थाप पडली की माझा हात आधी डाळीकडे जायचा.

शेवटी आमचे हे म्हणाले, "पिऊन संपवू. ब्यादच जाईल." तेव्हा दुसरी भीती वाटू लागली. विषारी दारूने डोळे जाऊन माणसं दगावल्याचं वस्तीत अधूनमधून कानावर यायचं. म्हणून एका रविवारी दुपारी मी मास्तरांना बोलावलं. दाराला कडी घालून काय आहे ते सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "काचना गिलासमां वता. स्टीलमां रंग दिसत नही."

बिअर काळीकुट्ट होती, वर तपकिरी फेस. मास्तरांनी पट्टी बुडवली आणि सरळ खिडकीकडे गेले. मी आडवी आले. "खिडकी नको मास्तर, समोरच्या गॅलरीतून दिसतं."

"उजेडबिगर शेड कयत नही, बाई." त्यांनी चार बोटं फट उघडली. त्या फटीतून येणाऱ्या उन्हात ते पट्टी उलटसुलट करत राहिले आणि मी समोरच्या गॅलरीत वाळत घातलेली एकेक साडी मोजत राहिले. "काया नही हाऊ रंग," ते म्हणाले. "कडले तपकिरी शे. भाजेल धान्यना रंग. रंग खोटं नही बोलस, मानूस बोलस."

आमचे हे ग्लासाला हात घालणार तोच मास्तरांनी तो स्वतःकडे ओढला. "पहिले मी." एक घोट घेतला, मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि बसून राहिले. तेव्हा प्रथमच त्यांनी धाकट्या भावाचं सांगितलं. कुणाच्या तरी आग्रहाने तो प्लास्टिकच्या पोटलीतली गावठी दारू प्यायला होता. सकाळी उठून विचारत होता, अजून उजाडलं कसं नाही. दुपारपर्यंत गेला. "मी बाजूलेच बसेल व्हतो," मास्तर म्हणाले. "पहिले मी चाखाले पाहिजे व्हती."

पुढचा अर्धा तास मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. मध्येच त्यांनी डोळे चोळले तर मी अर्धी उठलेच. मग ते हसले आणि ग्लास पुढे केला. "सस्तं शे, पन खोटं नही." मी एकच घोट घेतला. करपलेल्या भाकरीसारखी कडू चव, मागून किंचित गोडसर. चव कसली, भीतीच गिळली. रिकामा डबा ठेचून मास्तर आपल्या टिफिनच्या पिशवीतून मिलच्या भंगारात टाकायला घेऊन गेले.

बुधवारी संध्याकाळी ते दारात उभे. चेहरा उतरलेला. "बाई, चूक व्हयी गयी." सवयीने त्यांनी पट्टी वहीत डकवली होती आणि चिठ्ठीही लिहिली होती: "स्टाउट. विलायती दारू. चौधरीबाईंच्या घरी. रविवार." वही मिलच्या लॅबमध्ये होती. मिलमधल्या स्पिरिटचा साठा तपासायला नशाबंदी खात्याची माणसं दुसऱ्या दिवशी तिथेच येणार होती.

"फाडून टाका ते पान."

"नमुना फाडता येत नही, बाई." मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. त्या रात्री मी जेवले नाही.

गुरुवारी ते उशिरा परतले. दारातूनच म्हणाले, "तुमनं नाव तठे नही." मी विचारलंसुद्धा नाही, कसं. दारूच्या खटल्यात आपलं नाव या माणसामुळे आलं असतं, एवढंच डोक्यात होतं. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. जिन्यात भेटले तर ते बाजूला सरकून मला वाट द्यायचे. वर्षभराने माझी नोकरी कायम झाली. सगळ्या मजल्यावर पेढे वाटले आणि त्यांच्या घरी शेजारणीच्या हाती पाठवले.

पुढे छाती धरली म्हणून मास्तर काम सोडून धुळ्याकडच्या गावी गेले आणि तिथेच वारले. खोली रिकामी करायला त्यांच्या पत्नी आल्या. जुनी वही मिलमालकाने मास्तरांना निरोपाच्या वेळी देऊन टाकली होती. ती माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुमले कामनी व्हई तर ठेवा." मग थांबून म्हणाल्या, "त्या दिन नशाबंदीना सायेबनी हाईच वही उघाडी व्हती. दिवसभर हापिसमां बसाडी ठेवं त्यासले. मालकनी मधे पडीसन सोडवं. बाईले सांगू नको म्हने."

पान सापडायला वेळ लागला नाही. पट्टीचा तपकिरी रंग विटला होता. चिठ्ठीवर माझं नाव होतं तिथला कागद ब्लेडने खरवडून पातळ झाला होता आणि त्यावर त्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: "निंबा पाटील यांच्या घरी."

पुढची-मागची सगळी पानं मी चाळली. अख्ख्या वहीत खोटी चिठ्ठी ती एकच होती.