बुधवारचा एपिसोड

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. स्टाफरूममध्ये कुणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की त्यांची यथेच्छ टर उडवणारी मीच. त्यामुळे आता तुम्ही माझी उडवलीत तरी माझी तक्रार नाही... पण हे कुठेतरी लिहून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आम्ही झाशीचे, खंडेराव गेटजवळ राहतो. कितव्या पिढीपासून, ते अण्णांना तोंडपाठ होतं, मला नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. आमची घरची मराठी अर्धी हिंदीत बुडालेली. पुण्याचे पाहुणे आले की गालातल्या गालात हसतात. बाहेरची मराठी घरात यायची ती फक्त टीव्हीतून, संध्याकाळी सातच्या मालिकेतून. ती आई बघायची आणि अण्णा बोलायचे. पात्रांना सल्ले द्यायचे, त्यांच्यावर चिडायचे, आणि जाहिराती लागल्या की आईकडे वळून, “सुमनजी, चाय मिळेल का?” बायकोला ‘जी’ लावणारा नवरा बघून पुण्याची मंडळी गारच व्हायची.

अण्णा गेले आणि आईने संध्याकाळी घराबाहेर पडणं सोडलं. ती मालिका संपली, दुसरी सुरू झाली, तरी ही सोफ्याच्या आपल्या कडेला तशीच बसलेली. शेजारच्या काकू भजनाला बोलवायच्या, तर म्हणायची, “मालिका चुकते हो.” मला ते बघवत नव्हतं.

म्हणून मी होम थिएटर कॉम्प्युटर जोडला. जुना सीपीयू, त्यात टीव्हीचं चित्र आणि आवाज टिपणारं एक कॅप्चर कार्ड, आणि केबलच्या सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरी थेट त्या कार्डात. एकदा वेळ लावून दिली की टीव्ही बंद असला तरी एपिसोड आपोआप रेकॉर्ड होणार. डिस्क लहान होती, म्हणून शेवटपर्यंत बघून झालेला एपिसोड आपोआप डिलीट व्हावा अशी सेटिंग ठेवली. मायक्रोफोन मात्र कुठेही जोडलेला नव्हता — हे मुद्दाम सांगते.

केबलवाले भैया बॉक्स बघायला आले होते. वायरींचा तो पसारा बघून म्हणाले, “दीदी, पूरे मोहल्ले में ये चैनल बस माताजी देखती हैं. अब उसको भी डिब्बे में भर लोगी?”

आई हसली. किती दिवसांनी!

युक्ती चालली. संध्याकाळी आई भजनाला, मी सदर बाजारात ट्यूशन घ्यायला, घराला कुलूप. दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाजी निवडत एपिसोड बघायची. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

मग आई आठवडाभर मावशीकडे ग्वाल्हेरला गेली. रविवारी सकाळी, रेकॉर्डिंग नीट होतंय ना ते बघावं म्हणून मी सहज बुधवारचा एपिसोड लावला. सासू सुनेला काहीतरी टोचून बोलली, आणि —

“हद्द झाली यार! बोल की तिला काही, बावली कुठली!”

माझ्या हातातला रिमोट हातातच राहिला. मुंबईत बनलेल्या मालिकेत झाशीची मराठी कुठून येणार? मग खोकला ऐकू आला. तो खोकला मी जन्मभर ऐकलाय. आणि ही मालिका तर अण्णा गेल्यानंतर सुरू झालेली... जाहिराती लागल्या.

“सुमनजी, चाय मिळेल का?”

थोडा वेळ फक्त साबणाची जाहिरात. मग पुन्हा, जरा हळू आवाजात — “सुमनजी?”

पुढे काही नाही. अजून काही बोलतील म्हणून मी कान लावून शेवटपर्यंत ऐकत राहिले. रडत होते, त्यात सेटिंगचं भान कुठलं राहायला! एपिसोड संपला आणि यादीतून त्याचं नाव गेलं.

आमच्याकडे अण्णांचे फोटो ढीगभर आहेत. आवाज कुठेच नाही. कुणालाच कधी रेकॉर्ड करायचं सुचलं नाही.

डिलीट झालेली फाइल परत आणायचं सॉफ्टवेअर चालवलं. हाती आली ती फुटकी फाइल — चित्र थिजलेलं, आवाज गायब. बाकीच्या दिवसांचे एपिसोड ऐकले, त्यांत नुसती मालिका. पुण्याची आतेबहीण ती मालिका बघते. तिला असलं काही ऐकू आलं नव्हतं. भैयांना विचारलं तर ते माझ्याकडे काळजीने बघत म्हणाले, “लाइन में घर के आदमी की आवाज़ कैसे आएगी, दीदी?”

आईला सांगू की नको, याचा मी खूप विचार केला. शेवटी ती आल्या आल्या सांगून टाकलं. ती माझ्यावर रागावली नाही. फाइल कुठे गेली तेही तिने विचारलं नाही.

“दोनदा हाक मारली?”

“हो.”

“आणि घरात कुणीच नव्हतं.” पिशवी दारातच ठेवून ती सोफ्याच्या आपल्या कडेला जाऊन बसली.

आता ती भजनाला जात नाही. सात वाजले की सोफ्यावर असते. काकू बोलवून बोलवून थकल्या. तिने एकटं बसू नये म्हणून केलेला हा सगळा खटाटोप... आणि मीच तिला तिथे कायमची बसवून ठेवली. याचं मला जितकं वाईट वाटतं तितकं त्या फाइलचंही वाटत नाही.

डिलीटची सेटिंग काढली, मोठी डिस्क घातली, रेकॉर्डिंग रोज चालू आहे. तो आवाज कुठल्या वायरीतून आला, ते मला आजही सांगता येत नाही. कॉम्प्युटर शिकवत असूनही नाही, सगळ्या वायरी मीच जोडलेल्या असूनही नाही. ट्यूशनवरून आले की मी हेडफोन लावून त्या दिवसाचा एपिसोड पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते. आई समोर उभी असते.

“आज काही बोलले?”

“नाही, आई.”

“मी तर इथेच होते गं,” ती म्हणते. “सारा वेळ इथेच होते.”