रस्त्यापलीकडची पंगत

नंदुरबारच्या स्टँडवर शहाद्याची गाडी लागली आणि कंडक्टर खाली उतरायच्या आधीच खिडकीतून म्हणाला, "मास्तर, तुमना पेरूवाला गया." मी बाजाराची पिशवी हातात घेऊन उभा होतो, आणि पहिल्यांदा मला वाटलं की गेला म्हणजे पुन्हा बोटीवर गेला. हा माणूस एकदा असाच न सांगता गेला होता, तेव्हा तसं वाटणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. कंडक्टरने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पहाटले. छाती भरी उनी म्हने..." मी त्याच गाडीत चढलो. पिशवीत वांगी होती, ती उतरवून ठेवायला हवी होती, हे मला दुसऱ्या दिवशी परत आल्यावर आठवलं.

भाईदास हा शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीच्या एका गुजर शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. मिसरूड फुटायच्या वयात बापाशी काही बिनसलं आणि तो नंदुरबारला आगगाडीत बसून सुरतेला, तिथून मुंबईच्या गोदीत आणि गोदीतून बोटीवर कोळसा लोटायला गेला. पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला पेरू देशाच्या बंदरात तो तापाने फणफणला आणि बोट त्याला तिथेच टाकून पुढे निघून गेली. बंदराजवळ खाणावळ चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या विधवेने त्याला उचलून घरी नेलं. हा पोरगा मांस-मासळीला शिवत नाही हे कळल्यावर तिने त्याच्यापुढे उकडलेले बटाटे ठेवले, वर मिरची-शेंगदाण्याचं वाटण घातलं. "त्या बटाटासवर मी जगनू," असं तो सांगायचा. पुढे तो तिच्याच चुलीपाशी राहिला, तिचाच आचारी झाला. घरी मात्र त्याने एक ओळ कधी पाठवली नाही. का नाही, असं मी एकदा जरा रागानेच विचारलं होतं. तो म्हणाला, "पयले लाज वाटनी, मंग दिन ग्यात, मंग भ्याव वाटना." बहुतेक माणसांचं असंच होतं.

परतला तोही जेवणावरूनच. त्या देशात वर्षातून एकदा मेलेल्या माणसांसाठी ताट वाढतात, त्यांच्या आवडीचं रांधतात. म्हातारीने नवऱ्यासाठी मांडलेलं ताट पाहिलं आणि याला आपली अखाजी आठवली. खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात, मातीच्या घागरीवर खरबूज, पुढे सांजोऱ्या आणि आंब्याचा रस. "मास्तर, म्हनं, आबा मन्ही बी घागर भरी ऱ्हायना व्हई." आबा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, हिरालाल. भाईदासची शंका खरी निघाली. बारा वर्षं वाट पाहून बापाने धाकट्याचं क्रियाकर्म उरकून घेतलं होतं. दर्भाचा आणि पळसाचा पुतळा करून जाळला, आबांनी डोकं भादरलं, पिंड पाडले. त्यानंतर म्हातारा बाप जो अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही. भाईदास घरच्या ओट्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा बापाला जाऊन फार दिवस झाले नव्हते. आबा दारात आले, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मी शहाद्याच्या शाळेत मराठी शिकवायला आलो ते साल बावन्न-त्रेपन्न असेल. भाईदासने तेव्हा एसटी स्टँडसमोर नुकतीच खाणावळ उघडली होती आणि वर 'पेरू भोजनालय' अशी पाटी लावली होती. त्या पाटीवरून गावाने त्याची काय काय थट्टा केली असेल ते मी सांगायला नको. आत मिळायचं ते कुठेही मिळणारंच, भाकरी, वरण, शेवभाजी. पण कोपऱ्यात एक विचित्र दगड होता. आपण पाट्यावर वरवंटा मागे-पुढे ओढतो, इथे खाली सपाट शिळा आणि वर अर्ध्या चंद्रासारखा जाड दगड, तो दोन हातांनी धरून नुसता डोलवायचा. त्या देशात असंच वाटतात म्हणे. पाथरवटाने घडवताना दोनदा विचारून घेतलं होतं की भाऊ, तुम्ही शुद्धीवर आहात ना. गाव त्या दगडाला 'भाईदासचा पाळणा' म्हणायचं, आणि त्याला बायको ना मूल, म्हणून त्या म्हणण्याला जरा टोकही असायचं. सातपुड्यातून उतरलेली जामनीबाई नावाची एक पावरा जमातीची बाई तो पाळणा हलवायची. भाजलेले शेंगदाणे, अर्ध्या पिकल्या मिरच्या, लसूण, बांधलेलं दही, असं वाटण उकडलेल्या बटाट्यांवर ओतलं की झालं त्याचं पेरूचं ताट.

पहिल्या दिवशी मी बटाट्याला हात लावला आणि ओरडलो, "अहो, हे गार आहेत!"

"हाई थंडंच खातस, मास्तर. दोन घास खा, मंग बोला."

खरं सांगायचं तर मला ते आवडायला बरेच दिवस लागले. शहाद्यात गार म्हणजे शिळं, आणि शिळं पैसे देऊन कोण खाईल! त्याने नंतर गिऱ्हाइकांसाठी गरम करून द्यायला सुरुवात केली, पण स्वतःचं आणि माझं ताट गारच ठेवलं. म्हातारी कसलासा उग्र पाला घालायची तो इथे मिळेना, म्हणून वासाच्या जवळ जाणारी झेंडूची पानं त्याने एकदा घालून पाहिली. तेव्हा एका गिऱ्हाइकाने ताटाला हात जोडले होते. पण खाणावळ रिकामी राहायची ती गार बटाट्यांमुळे नव्हे. तिथे एकच बाक होता. जिनिंगचा मुकादम बसायचा त्याच बाकावर डोंगरातून मजुरीला आलेला भिल्लही बसायचा, आणि दोघांना सारखीच थाळी यायची. त्या काळी शहाद्यातल्या कितीतरी हॉटेलांत मजुराचा कप बाहेर वेगळा टांगलेला असे. लोकांनी नाकं मुरडली. भाईदास म्हणायचा, बंदरात मला कोणी जात विचारून उचललं नव्हतं.

या सगळ्यात त्याला एकच गोष्ट हवी होती. आबांनी एकदा, फक्त एकदा, त्याच्या हातचं जेवावं. त्याशिवाय तो जिवंत आहे हे त्याचं त्यालाच पटत नसावं. आबा बाजाराच्या दिवशी बैलगाडी घेऊन शहाद्याला यायचे. सावलीला जागा नाही असं शहादं नव्हे, पण गाडी सोडायचे ती बरोबर खाणावळीसमोरच्या निंबाखाली. मग दाराकडे तोंड करून गाडीच्या धुरेवर बसायचे आणि घरून बांधून आणलेली भाकरी फडक्यातून सोडायचे. इकडे भाईदास गल्ला सोडून उठायचा, दाराच्या आत स्टूल ओढायचा आणि आपलं ताट मांडीवर घ्यायचा. तिकडे आबांनी घास घेतला की इकडे हा घ्यायचा, तिकडे लोटा तोंडाला लागला की इकडे हा पाणी प्यायचा. आबांनी फडकं झटकलं की हाही उठायचा आणि हात धूत मला म्हणायचा, "चला, जेवनूत दोन्ही भाऊ." खाणावळीचं छप्पर इतकं खाली उतरलेलं होतं आणि भिंती धुराने इतक्या काळ्या, की बाहेरच्या उन्हातून पाहणाऱ्याला दारात नुसता अंधार दिसायचा. आबांना त्यातलं काहीही दिसत नव्हतं. मला ते बघवायचं नाही, आणि तरी बाजाराच्या दिवशी मी तिथे जेवायचं चुकवलं नाही.

एकदा न राहवून मी निंबाखाली गेलो आणि आबांना म्हणालो, झालं गेलं विसरा. ते रागावले नाहीत. फडक्याची गाठ मारत म्हणाले, "मास्तर, मी त्याना पिंड पाडेल शे, डोकं भादरेल शे. आते त्याना हातनं खादं, ते मन्हा बाप कशाकरता मरना?" मी परत आलो तर भाईदासने माझ्या ताटात एक बटाटा जास्त वाढला. पुढे त्याला कुणीतरी सांगितलं की आबा अखाजीला अजूनही त्याची घागर भरतात, एकदा मांडलं ते मोडायचं नाही म्हणून. तो हसला आणि म्हणाला, "रस ते इकडे धाडाना व्हता."

माझी बदली नंदुरबारला झाली आणि जाणं कमी झालं. अशी बरीच वर्षं गेली... त्या दिवशी वांग्यांची पिशवी हातात घेऊन मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. आबा आले होते. कुणी बोलावलं, ठाऊक नाही. गोमाई नदीच्या काठापर्यंत त्यांनी खांदा बदलू दिला नाही. तिरडी खाली ठेवल्यावर वाळूत बसले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "मांगे गवतना पुतळा व्हता. एक हातवर उचली लिधा व्हता मी... आते कितला जड शे रे भाऊ." मला इतकं रडू आलं की मी नदीकडे तोंड फिरवलं.

अखाजीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा शहाद्याला गेलो, खाणावळीचं काय झालं ते बघायला. जामनीबाईने चूल बंद पडू दिली नव्हती. दुपारी निंबाखाली आबांची बैलगाडी येऊन थांबली. आबा धुरेवर बसले नाहीत. रस्ता ओलांडून सरळ दारात आले, उन्हातून आल्यामुळे क्षणभर चाचपडले आणि म्हणाले, "घागरपुढे ठेवाले त्याना बटाटा पाहिजेत."

"बैठ. घागरनं वाटन व्हवालगून खाय," जामनीबाई म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता तिने ताट वाढलं.

दाराच्या आत ते स्टूल होतं तिथेच होतं. आबा त्यावर बसले, ताट मांडीवर घेतलं. बटाट्याला हात लावून थबकले. "थंडं शे."

"भाऊ असंच खाये."

त्यांनी पहिला घास घेतला, मग दुसरा. मिरचीने डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग सहज मान वर केली आणि समोर पाहिलं. बाहेरच्या लख्ख उजेडात निंबाखाली त्यांची गाडी उभी होती. बैलाच्या कपाळावरचा ठिपका दिसत होता, धुरेवर पसरलेल्या फडक्याची वीण दिसत होती. आबांचा हात ताटातच राहिला.

"आठून ते मन्हं तोंड बी दिखत व्हई त्याले..."

कोपऱ्यात जामनीबाईने दोन्ही हातांनी दगड धरला आणि पाळणा हलायला लागला.