भाऊंच्या घरीच जळणारा ॲम्प्लिफायर

थोरल्या भावासाठी ॲम्प्लिफायर मी हातानं बनवला होता. मी आलापल्लीत लाकूड कापायच्या एका आरामशीनवर वायरमन आहे. सागाच्या उरलेल्या पट्ट्यांची पेटी केली, आत बाजारातला बोर्ड बसवला आणि ट्रान्सफॉर्मर चंद्रपुरातून तार गुंडाळून करवून आणला. सोबत दोन स्पीकर दिले. भाऊ माजरीकडं कोळशाच्या खुल्या खाणीत डंपर चालवायचे. त्यांना खंजिरी भजनांचं वेड. माझ्यापेक्षा बरेच मोठे. वडील गेल्यावर त्यांनीच मला आयटीआयला घातलं. त्यांच्या घरी जाणारी वस्तू चांगलीच व्हावी, असं मला फार वाटायचं.

पहिल्यांदा फ्यूज उडाला तेव्हा मी फोनवरच बदलायला सांगितलं. नवा लावला, तोही उडाला. मग पेटी एसटीनं माझ्याकडं आली. उघडून पाहिली तर सप्लायचे डायोड शॉर्ट झालेले. जास्त ताकदीचे टाकले, दिवसभर वाजवून पाहिलं. ट्रान्सफॉर्मरला हात लावला तर नुसता कोमट. पेटी परत पाठवली.

थोड्याच दिवसांत वहिनींचा फोन आला. फोन नेहमी त्याच करायच्या. भाऊ ड्यूटीवर आहेत नाहीतर झोपलेत, एवढंच कळायचं.

“भाऊजी, डब्बा आणखी बंद पडला. या टायमाले वास बी आला, जळल्यासारका.”

आता ट्रान्सफॉर्मरच गेला होता. तारेवरचं वार्निश वितळून काळं पडलेलं. त्यांच्याकडं व्होल्टेज वरखाली होत असणार, असं मी धरून चाललो. नवा ट्रान्सफॉर्मर बसवला, सोबत स्टॅबिलायझर दिला. माझ्या टेबलावर सगळं ठीक, तिकडं गेलं की पुन्हा धूर. मला माझ्याच हाताची शंका यायला लागली. एखादा टाका कच्चा राहिला का, तार कुठं पेटीला घासते का? आरामशीनवरून आलो की रोज तीच पेटी उघडून बसायचो.

“काऊन जीव जाळून राह्यले?” बायको म्हणाली. “बजारातून एक आणून द्या.”

पण माझ्या घरी चालणारी वस्तू त्यांच्याच घरी का जळते, हे मला टोचत होतं. शेवटी एका रविवारी पेटी घेऊन मीच गेलो.

भाऊ अंगणात सायकल पुसत होते. मी आत जाऊन मीटर लावला. व्होल्टेज बरोबर होतं. पेटीला जोडायला स्पीकरची वायर ओढली, तर ती जाड लागली. वाकून पलंगाखाली पाहिलं. मी दिलेल्या दोन स्पीकरांच्या शेजारी आणखी चार मांडलेले होते आणि सगळ्यांच्या तारा एकत्र पिळून टेप मारलेली. असे स्पीकर वाढवत गेलं की पेटीतून करंटही तेवढा जास्त ओढला जातो. माझा सप्लाय दोन स्पीकरांपुरताच होता. दुरुस्तीला नुसती पेटी यायची, म्हणून हे मला कधी दिसलंच नव्हतं.

कारण सापडलं म्हणून क्षणभर बरं वाटलं. मी वहिनींना विचारलं, “हे कोणं लावले?”

त्यांनी आधी दाराकडं पाहिलं. “त्यायनंच. तुमच्या डब्ब्याचा आवाज कमी येते म्हणते.”

“कमी?”

“मी तं बाजूच्या घरी जाऊन बसतो, भाऊजी. घरात राहवत नाई.”

मी दारात गेलो. भाऊंची पाठ माझ्याकडं होती. हाक मारली. पुन्हा मारली. ते सायकलचं चाक फिरवत राहिले.

“कोणाले सांगू नोका,” वहिनी मागून म्हणाल्या. “डंपरवरून उतरवतीन त्यायले. रिटायर व्हाले थोडेच दिस राह्यले आता.” ताल चुकायला लागला म्हणून भाऊंनी भजन मंडळही सोडलं होतं, हे तेव्हा कळलं.

दुपारी जेवणं झाली. खाणीत डंपरच्या मागंपुढं माणसं असतात, गाड्या हॉर्न देतात. बोलायला तर हवं होतं. पण हळू बोललो तर भाऊंना ऐकू जाणार नाही, आणि मोठ्यानं बोललो तर खाणीच्या साऱ्या वसाहतीला. पानठेल्यावर जाऊ म्हणून मी त्यांना बाहेर काढलं आणि तसंच पुढं, खाणीच्या मातीच्या टेकाडापाशी नेलं. तिथं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, “भाऊ, तुमाले आयकू येत नाई.”

भाऊ म्हणाले, “डंपरच्या आरशात पाह्यतो ना मी.”

“आरशात सगळं दिसते का?”

हे दोनदा ओरडावं लागलं. मग ते फार मोठ्यानं बोलले. त्यांना ते कळत नव्हतं. “परवा एक जण उडी मारून बाजूले झाला. सारे बोंबलत होते. मले फक्त त्यायचे तोंडं दिसले.”

घरी येऊन मी जास्तीचे स्पीकर काढले आणि संध्याकाळच्या गाडीनं निघालो.

नंतर भाऊ स्वतःच खाणीच्या दवाखान्यात गेले. तपासणी झाली आणि डंपर सुटला. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. वहिनींचे फोन बंद झाले. मी केला तर हो-नाही करून ठेवून द्यायच्या. पेटी दुरुस्तीला पुन्हा आली नाही. ती वाजते की तशीच पडून आहे, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

पोळ्याला गेलो तेव्हा भाऊंच्या कानात ऐकायचं मशीन होतं. वहिनींनी चहा ठेवला आणि माझ्याकडं न बघता आत गेल्या.

“तिले राग आहे,” भाऊ म्हणाले. “मले बी आला होता.”

आत भांडं पडलं. त्या आवाजानं भाऊंनी तोंड वाकडं करून मशीन काढलं आणि मुठीत धरलं.

“राग आता गेला का?” मी विचारलं.

त्यांना ऐकू गेलं नसावं. चहा निवतो आहे, असं त्यांनी मला हातानंच खुणावलं.