लंडनमध्ये न वाजलेली हलगी

परवा मंडईसमोर एकजण रद्दी पेटवून हलगी शेकत होता. तापलेल्या कातड्याचा वास आला आणि मी एकदम लंडनमधल्या त्या क्लबच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

आमचा बँड समतेची गाणी म्हणायचा. तिकडे नोकरीला गेलेल्या आयटीवाल्या मित्रांनी आम्हाला दौऱ्यावर बोलावलं होतं. हलगी शंकरकाकांची. तिथल्या गारठ्यात तिचं कातडं सैल पडलं आणि क्लबात जाळ करायला मनाई होती.

"बाहेर शेकतो की. दोन कागद पेटवले की झालं," काका म्हणाले.

"काका, इथे पोलीस येतील," कीबोर्डवाला निखिल म्हणाला. "तुमचा ठेका पुण्यातच रेकॉर्ड करून ठेवलाय. बटण दाबलं की वाजतो. तो सैल पडत नाही."

सगळे हसले. कष्टकऱ्यांच्या हातांवर पत्रकं लिहिणारा मीही हसलो. वर मीच म्हणालो, "तुम्ही राणीचा राजवाडा बघून या. पुन्हा कधी येणं होणार आहे?"

संध्याकाळी त्या बटणावर लोक बेभान नाचले. मी समतेवर भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या. काकांना जरा फिरायला मिळालं, असं तेव्हा खरंच वाटलं होतं. आज सरळ लिहितो: आम्ही त्यांना हाकललं होतं.

काका परतले तेव्हा हलगी काखेतच होती. खाली बसून त्यांनी बुटाची नाडी सोडली आणि मला विचारलं, "उद्या काय बघायला जायचं?"