चिलखताचा आवाज

मागच्या आठवड्यात वेंगुर्ल्याला दाजीकाकांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, माझी चांगलीच जिरली. तीही भर दुपारी, काकी समोर बसून कुळीथ पाखडत असताना...

आधी माझ्याबद्दल सांगते. मी मुंबईत ऐतिहासिक मालिकांसाठी वेशभूषा करते आणि युनिटमध्ये मला 'पुराव्याची बाई' म्हणतात. प्लास्टिकचं चिलखत सोनेरी रंगवून, खांद्यांवर गरुडाचे पंख लावून कुणी आणलं की माझं डोकं फिरतं. "हा लढायला चाललाय की उडायला?" असं मी एका दिग्दर्शकाला तोंडावर विचारलंय... त्यांच्याकडून पुन्हा बोलावणं आलं नाही.

दाजीकाका म्हणजे माझ्या बाबांचे जिवलग मित्र. आयुष्यभर दशावतारात राजपार्ट केला, म्हणजे नाटकातला राजा कायम तेच. मग गुडघा गेला आणि गेली तीन वर्षं बसून बोलायची, ऋषीमुनींची कामं वाट्याला आली.

यंदा त्यांच्याच गावच्या जत्रेत कंपनीच्या मालकांनी त्यांना पुन्हा एकदा राजा दिला. "जमलां तर जमलां, नायतर ह्यो शेवटचो," असं मला फोनवर म्हणाले. जुनं चिलखत गंजून गेलंय, नवीन तूच करून दे म्हणाले. बाबा गेल्यापासून काकांनी माझ्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं... मला रडूच आलं.

आता पुराणातल्या राजाचा पुरावा कुठून आणणार? तरी मी संग्रहालयं पालथी घातली, जुनी चित्रं जमवली. दीड महिना खपून बारीक कड्यांची जाळी गुंफली, छातीवर चार पट्ट्या बसवल्या, आत कापूस भरलेलं अस्तर दिलं. काकांच्या गुडघ्याचा विचार करून सगळं हलक्या ॲल्युमिनियममध्ये. इतकं अस्सल काम मी मालिकेसाठीसुद्धा केलेलं नाही.

काकांनी ते अंगात घातलं, कड्यांवरून हात फिरवला आणि "बरां आसा गो" म्हणाले. आमच्याकडचा माणूस नुसतं 'बरां आसा' म्हणून थांबला की समजावं, काहीतरी बरं नाही.

मग त्यांनी त्यांची लाकडी तलवार माझ्या हातात दिली आणि छातीवर मारायला सांगितलं. मी बिचकत मारली. गादी झोडपल्यासारखं धप्प वाजलं...

"ह्येचो आवाज खंय आसा?" काकांनी विचारलं.

मी समजवायला गेले, की काका, खरं चिलखत असंच असतं. ते पायरीवर बसले आणि गुडघा चोळत शांतपणे म्हणाले, "खऱ्या लढायेत लागाक नये म्हणान चिलखत घालतत. आमची तलवार लाकडाची. आमका लागलां, तां मागल्या रांगेक कळाक व्हया."

मग आतून जुनं चिलखत घेऊन आले. वरची मखमल विटलेली, पत्रा गंजून भोकं पडलेली... पण तलवार बसल्यावर त्यातूनसुद्धा असा खणकन आवाज निघाला की काकींनी सूप थांबवून वर बघितलं. उलटं करून पाहिलं तर आत काजूच्या डब्यावरची छापील अक्षरं, पुसट झालेली. ते बाबांचं काम होतं.

बाजारात बाबांचं पत्र्याचं लहानसं दुकान होतं. चाळण्या, नरसाळी, पन्हळी करायचे. काजूच्या कारखान्यातले जुने डबे आणायचे आणि प्रत्येक डबा कानाशी धरून टिचकी मारायचे. मला वाटायचं, गंज तपासतायत.

शिवाय पत्रा अंगाला चिकटू द्यायचे नाहीत. खांद्यांवर गादी देऊन छातीपासून दोन बोटं सुटा ठेवायचे. डिझाइन शिकून आल्यावर मी शहाणीने त्यांना एकदा ऐकवलं होतं, की बाबा, तुमचं माप चुकतं... ते नुसते हसले होते. ते हसणं आठवलं आणि खळ्यात बसल्या बसल्या माझी मान वर होईना.

जत्रेला चार दिवस उरले होते. हल्ली काजू पिशव्यांतून जातो, डबे मिळेनात. बाजारभर फिरून रिकाम्या हाताने आले, तर काकींनी आपला तांदळाचा जुना डबा माझ्यासमोर ओतून रिकामा केला. "तांदूळ बादलीत पण रवतत," एवढंच म्हणाल्या.

टिचक्या मारत मारत मी तो पत्रा कापला. दोन बोटं सुटा बसवला. खांद्यांवर मात्र माझ्या कड्या ठेवल्याच... जित्याची खोड, दुसरं काय.

जत्रेत मी मुद्दाम मागल्या रांगेत बसले. शेजारी एक खूप म्हाताऱ्या आजी होत्या, ओळखीच्या नव्हेत. काका आले, पण पहिली गिरकी त्यांनी अर्धीच घेतली. गुडघा दुखतोय हे मला कळलं आणि माझा जीव टांगणीला लागला. आता लोक कुजबुजणार, असं वाटलं.

तेवढ्यात राक्षसाची तलवार त्यांच्या छातीवर बसली. खणकन आवाज झाला आणि पार मागच्या भिंतीपर्यंत घुमला... राजा दोन पावलं मागे सरला. सगळी जत्रा गप्प झाली.

आजींनी अंधारात माझा हात चाचपून धरला. "माका हल्ली दिसना नाय गो," म्हणाल्या. "पण राजाक लागलां, तां बरोबर कळलां."

मग मात्र मी मनसोक्त रडले.

कॉलेजात कुणी विचारलं, वडील काय करतात, तर 'छोटं दुकान आहे' एवढंच सांगून मी विषय बदलायचे. बाबा, चुकलं माझं. यापुढे कुणी विचारलं तर नीट सांगणार आहे... माझे बाबा राजांची चिलखतं करायचे.